टेपवाल्यांच्या घरातला आवाज

टेपा जाऊन जमाना लोटला, तरी गल्लीत त्यांना टेपवाले म्हणूनच ओळखतात. घराच्या मागच्या खोलीत त्यांचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे काय, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकीला जाड पडदा आणि मध्ये एक मायक्रोफोन. पण टेपवाल्यांचा तोरा असा की विचारू नका. मॅक कॉम्प्युटर घेतला तेव्हापासून तर त्यांचे पाय जमिनीवर ठरेनात. विंडोजवर काम करणारा कुणी भेटला की ते त्याच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघायचे. पुढे मॅक म्हातारा होऊन बंद पडला, दुरुस्त करणारा मिळेना, आणि टेपवाल्यांनीही निमूटपणे दुकान आवरलं.

त्या खोलीत सगळ्यांत जास्त कोण बोललं असेल तर त्यांची बायको. गल्ली त्यांना बाई म्हणते. अंध वाचकांच्या ग्रंथालयासाठी बाई गोष्टींची पुस्तकं वाचायच्या आणि टेपवाले ती रेकॉर्ड करायचे. आवाज खणखणीत, आणि जीभ त्याहून धारदार. नवऱ्यावर तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. मागच्या वर्षी बाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज. आता दुसऱ्या खोलीतून नवऱ्याला बोलवायचं तर त्या ताटलीवर चमचा वाजवतात. एकदा वाजला तर 'इकडे या', वाजतच राहिला तर 'काय करून ठेवलंत हे'.

ग्रंथालयाने जुन्या कॅसेट केव्हाच मोडीत काढल्या होत्या. टेपवाल्यांनी साऱ्या दुनियेचे आवाज पकडून ठेवले, आणि हाताशी बायकोच्या आवाजाचा एक शब्द नाही, अशी गत झाली. एका सकाळी चहाचा कप हातात धरून बाई म्हणाल्या, "मला एकदा ऐकायचंय हो. मी कशी बोलायचे, ते मलाच आठवेनासं झालंय."

टेपवाल्यांनी आपला कप खाली ठेवला आणि माळ्याकडे पाहिलं. मूळ रेकॉर्डिंग होतं की. माळ्यावर, बिस्किटांच्या डब्यात, प्लास्टिकच्या चौकोनी कवचातल्या डिस्कवर. त्या वाचणारं छोटं यंत्रही जपून ठेवलेलं. फक्त सगळं मॅकच्या पद्धतीने लिहिलेलं, आणि मॅक तर केव्हाच भंगारात गेलेला.

रविवारी मुलगी आली ती आपला विंडोजचा लॅपटॉप घेऊनच. डोक्यावर पंखा गरगरत होता, जेवणाच्या टेबलावर वायरींचं जंजाळ पसरलं होतं. डिस्क आत गेली, यंत्र जागं झालं, आणि पडद्यावर प्रश्न उमटला की ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? टेपवाल्यांची एक जुनी खोड. यंत्राने काही विचारलं की 'हो' म्हणून मोकळं व्हायचं, कारण नाही म्हटलं तर ते पुन्हा पुन्हा विचारत बसतं. बोट 'हो'वर गेलंच होतं, तेवढ्यात चमचा थेट मनगटावर बसला. बाईंना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, पण नवऱ्याचं घाईघाईने हो म्हणणं त्या लग्नापासून बघत आल्या होत्या.

मुलीने समजावलं, की फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून टाकणं. डिस्क कोरी नव्हतीच. विंडोजला ती वाचता येत नव्हती, इतकंच. टेपवाल्यांनी गपगुमान डबा पुढे ओढला आणि एकेका डिस्कच्या कोपऱ्यातली बारीक खिट्टी सरकवून टाकली. आता कुणी कितीही वेळा हो म्हटलं तरी काही पुसलं जाणार नव्हतं.

मग मुलीने मॅकच्या डिस्क वाचणारा एक प्रोग्राम शोधून काढला. फाइली दिसल्या, कॉपी झाल्या, पण वाजायचं नाव घेईनात. मेख अशी होती की त्या जुन्या फाइलींचे दोन भाग असत. एकात आवाज, आणि दुसऱ्यात तो किती वेगाने, कसा वाजवायचा याची माहिती. विंडोजवर येताना आवाज तेवढा आला, माहिती मागेच राहिली. ती आता अंदाजाने भरायची. पहिल्या अंदाजाला तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखी चरचर. दुसऱ्यालाही तीच. जेवणं उरकली, भांडी झाली, आणि दुपारी कधीतरी चरचर थांबून स्पीकरमधून एक बाई बोलू लागली. कुठल्याशा गोष्टीच्या मधलाच तुकडा होता.

काय आवाज होता तो. संथ, भरदार, गोड. मुलीचे डोळे भरून आले. टेपवाले तर डोळे मिटून डोलू लागले. खरं सांगायचं तर त्यांना बायको अशीच आठवत होती. वर्षभरात त्यांनी तिला मनातल्या मनात घासूनपुसून अशीच करून ठेवली होती.

इकडे चमचा वाजायला लागला. वाजतच राहिला.

"ही मी नाही," बाई कुजबुजल्या.

टेपवाले उखडले. जन्मभर कानांवर पोट भरलं, आणि आता घरातच परीक्षा. स्वतःचा आवाज स्वतःला नेहमी परकाच वाटतो, हे त्यांनी तीन-चार तऱ्हांनी सांगून पाहिलं. बाईंनी मान हलवली ती हलवलीच.

"आवाज नाही आठवत मला. पण वाक्य संपल्यावर मी इतकी कधी थांबत होते का? इतकी शांत असते तर तुम्ही केव्हाच शेफारून बसला असता."

मुलगी फिसकन हसली. टेपवाल्यांना हसू येईना, कारण त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. मुलीने वेग भरला होता गाण्यांच्या सीडीचा. आणि यांनी मॅकच्या तोऱ्यात सगळं काम केलं होतं चित्रपटवाल्यांच्या वेगाने, जो थोडा जास्त असतो. जास्त वेगाने पकडलेला आवाज कमी वेगाने वाजत होता, म्हणून बाई संथ, म्हणून भरदार. दुरुस्तीला एकच आकडा बदलायचा होता. पण तो बदलला की हा गोड आवाज जाणार, म्हणून त्यांचा हात रेंगाळला. लाज वाटली, तरी रेंगाळला. मग एकदाचा त्यांनी आकडा बदलला आणि फाइल अगदी सुरुवातीपासून लावली. गोष्टीच्या आधीचं बोलणं ग्रंथालयाला देताना ते कापून टाकत असत. या मूळ फाइलींत ते तसंच होतं.

"अहो, पंखा बंद करा आधी!" स्पीकर कडाडला. "कितीदा सांगायचं? सगळी घरघर येते त्यात."

टेपवाले ताडकन उठले, भिंतीपाशी गेले आणि पंखा बंद केला. बटण दाबल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय केलं. वर्षभरात त्यांना कुणी असं तोंड भरून रागावलं नव्हतं. त्यांना तो गोड आवाज नको होता. हा हवा होता, हाच. रडू काही आवरेना, म्हणून ते भिंतीकडेच तोंड करून उभे राहिले.

"केला गं बंद," ते म्हणाले.

"हं. बसा आता गप, सुरू करते," स्पीकर म्हणाला.

बाईंनी चमचा खाली ठेवला आणि शेजारची खुर्ची हाताने थोपटली. टेपवाले मुकाट्याने येऊन बसले.