उंटांच्या डॉक्टर, गेंड्यांच्या जंगलात

डॉ. सुनीती खानविलकर यांची आणि माझी ओळख एका प्रश्नाने झाली. मी इथे आखातात, जबल अलीच्या एका कंपनीतर्फे जनावरांच्या सोनोग्राफीची यंत्रं विकतो. अल ऐनच्या पुढे, वाळवंटातल्या उंटांच्या दवाखान्यात एक यंत्र दाखवायला गेलो होतो. बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "हे धो धो पावसात चालेल का?" मी खिडकीबाहेर बघितलं. नजर पोचेल तिथवर वाळू. थट्टा समजून म्हणालो, "मॅडम, इथे चार थेंब पडले तर शाळांना सुट्टी देतात." बाई हसल्या, पण प्रश्न काही मागे घेतला नाही.

उत्तर शोधून पुन्हा गेलो तेव्हा उलगडा झाला. आपण इथली मराठी मंडळी वार्षिक रजेवर पुण्याला, मुंबईला जातो. बाई सुमात्राच्या जंगलात जातात. तिथला गेंडा अंगावर केस असलेला, दोन शिंगांचा, चणीने लहान. शिकारीने आणि जंगलतोडीने तो संपत आला, एवढं मी ऐकून होतो. पण उरलेले इतके विखुरलेत की नर-मादीची गाठच पडत नाही, आणि मादी वर्षानुवर्षं एकटी राहिली की तिच्या गर्भाशयात गाठी होतात, हे मला बाईंनी सांगितलं. माझ्यासारख्या विक्रेत्याला त्यांनी तासभर चित्रं काढून समजावलं. चहा गार झाला, त्याचं भान दोघांनाही नव्हतं.

केनांगा ही अशीच एकटी पडलेली तरुण मादी. तुकडे झालेल्या रानातून तिला जंगलातल्याच एका संरक्षण केंद्रात आणलं होतं. गेंडे एकमेकांना जबर जखमी करतात, म्हणून नर वेगळ्या कुंपणात. गेंडा घोड्याच्या कुळातला, तेव्हा घोडीसारखं हिचंही स्त्रीबीज आपोआप सुटेल, ते दिसलं की नर सोडू, असा तिथल्या मंडळींचा हिशेब. पण बीज वाढायचं आणि न सुटताच जिरून जायचं. हळूहळू केनांगालाच वांझ म्हणू लागले. बाईंनी तिच्या सोनोग्राफीची चित्रं पाहिली आणि त्यांना आपल्या उंटिणी आठवल्या. उंटिणीचं बीज नराशी संग झाल्यावरच सुटतं. "हिचंही तसंच नसेल कशावरून?" त्या म्हणाल्या. बीज पुरेसं वाढलं की वाट न बघता नर सोडा, असं त्यांनी सुचवलं. केनांगा जखमी होऊन दगावली असती तर बोट बाईंकडेच दाखवलं गेलं असतं. त्यांनी जबाबदारी स्वतःच्या नावावर घेतली. इथे एक खुलासा त्यांच्याच आग्रहावरून करतो. "या जातीत असं होतं, हे संशोधकांनी आधीच लिहून ठेवलंय. शोध माझा म्हणून मंडळाच्या अंकात छापलंत तर अंक परत पाठवीन हं!"

बाईंच्या कामाची रीत बघण्यासारखी. दवाखान्यातले मदतनीस घाई करतात, "यल्ला डॉक्टर, खलास करो!" बाईंचं उत्तर ठरलेलं, "इन्शाल्ला. आराम से." जनावर आपणहून तयार होईपर्यंत त्या हात लावत नाहीत. केनांगालाही त्यांनी बांधलं नाही की गुंगी दिली नाही. आवडीचा पाला खात ती लाकडी कठड्यात उभी राहायला शिकली, आणि तेवढ्यात बाई तपासणी उरकू लागल्या.

नर सोडला, गर्भ राहिला, आणि काही आठवड्यांत गेला. बाई परत आल्यावर अल कुसैसच्या त्यांच्या घरी मी मुलीला घेऊन गेलो. बाईंचे डोळे सुजले होते. इरा आठ वर्षांची, इथेच वाढलेली. तिने सरळ विचारलं, "व्हाय डोंट यू जस्ट लीव्ह हर अलोन?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी मात्र तिला जवळ बसवून घेतलं. "एकटीच तर राहिली होती गं ती. एकटीला बाळ कसं होणार?" त्या दुःखातही एका मुलीचा प्रश्न त्यांना उत्तर देण्याजोगा वाटला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुढच्या खेपेला औषधांनी गर्भ टिकला. गेंडिणीचं गरोदरपण सव्वा वर्षाहून लांबतं. नेमकी ते संपण्याच्या सुमारास आपल्या इथल्या मराठी मंडळाने बाईंच्या साठीच्या सत्काराची तारीख धरली. हॉल ठरला, शाल आली, आणि बाई म्हणाल्या, "तिचे दिवस भरत आलेत. माझी साठी कुठे पळून जात नाही." अध्यक्ष चिडले, "मॅडम, सत्कारमूर्तीच नाही तर आम्ही स्टेजवर काय करायचं?" बाई तोवर विमानात बसल्या होत्या.

मग एका दुपारी कंपनीच्या गोदामात माझ्या फोनवर व्हिडिओ आला. काळं, केसाळ पिल्लू उठू बघतंय, पडतंय, पुन्हा उठतंय. बराच वेळ नुसता जंगलाचा आवाज. पिल्लू लटपटत आईच्या कासेला लागलं, तेव्हा बाईंचा आवाज आला, "मुलगी आहे." मी गोदामातल्या माणसांसमोर रडलो, आणि त्याची लाज वाटली नाही.

ही मुलगी वयात यायला सहा-सात वर्षं लागतील. तेव्हा तिचंही बीज कुणाला तरी तिला न घाबरवता, न बांधता बघावं लागेल. बाई तोवर सत्तरीकडे झुकलेल्या असतील. म्हणून बाई, रक्तदाबाची गोळी चुकवू नका, गुडघ्यांकडे लक्ष द्या, आणि खूप जगा. केनांगाला आजी व्हायचंय.