मतदानाआधीचा अबोला

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते आणि काका कंडक्टर. काका काही सख्खे नव्हेत. आमचं घर सेनगावात, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत, आणि ते हिंगोली रस्त्यावरच्या एका तांड्यावरचे. पण नोकरीतली बहुतेक वर्षं दोघांनी एकाच गाडीवर काढली. ड्युटी लावणाऱ्या बाबूला गळ घालून जोडी टिकवली. बाबा त्यांना 'मास्तर' म्हणायचे, ते बाबांना 'डायवर'. आई गेली तेव्हा नातेवाइकांच्या आधी काका येऊन पोहोचले होते आणि पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमापर्यंत बाबांच्या शेजारीच झोपले होते.

निवृत्तीनंतरही सवय सुटली नाही. काका रोज सकाळी जीपने सेनगावला यायचे. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात दोघं बसायचे, चहा व्हायचा, पेपर व्हायचा. मी शिक्षिका, उन्हाळ्यात माझी शाळा सकाळची असते. सुटली की मी हॉटेलावरून बाबांना घेऊन घरी जाई, त्यांना जेवायला वाढून मग शेजारच्या गल्लीतल्या माझ्या सासरी. वाद त्यांच्यात तेव्हाही व्हायचे. पण कापसाला काय भाव मिळेल, कुठला आंबा गोड, असल्या गोष्टींवरून.

लोकसभेची निवडणूक लागली आणि वादाची जातच बदलली. बाबा एका बाजूचे, काका दुसऱ्या बाजूचे. बाबांना संविधानाची काळजी होती. शिकून घरी बसलेल्या पोरांचं त्यांना वाईट वाटायचं. काका म्हणायचे, तांड्यावर रस्ता आला, नळ आला, म्हातारीला घरकुल मिळालं, हे मी डोळ्यांनी बघितलं, मग मी कुणाचं ऐकू? दोघांच्या मोबाइलवर दिवसभर व्हिडिओ येऊन पडायचे आणि सकाळी दोघं एकमेकांना ते मोठ्या आवाजात ऐकवायचे. आजूबाजूची टेबलं त्यात सामील व्हायची. हॉटेलवाल्याने शेवटी पुठ्ठ्यावर 'येथे राजकारणावर बोलू नये' असं लिहून लावलं. त्या पुठ्ठ्याखाली बसूनच सगळे बोलत.

ज्या दिवशी तुटलं त्या दिवशी मी तिथंच होते. बाबांना 'चला' म्हणायला गेले तर दोघं उभे राहून बोलत होते.

"तुला तुझ्या गल्लीच्या पुढचं दिसतच न्हाई, डायवर," काका म्हणाले.

हे बाबांना फार लागलं. त्याला कारण होतं. बाबांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. डावाही अंधुक झाला होता. आयुष्यभर रस्त्यावर नजर ठेवून पोट भरलेला माणूस आता गल्लीतला दगड चाचपत चालायचा. ही गोष्ट त्यांनी फक्त मला आणि काकांना सांगितली होती. काकांच्या बोलण्याचा तसा अर्थ नव्हता, पण बाबांनी तो तसाच घेतला.

"आन तुला दिसून काय उपेग?" बाबा ओरडले. "तू तं इकला गेलास. किती भेटले, सांग!"

काका कंडक्टर असताना एकदा एका प्रवाशाने त्यांच्यावर पैसे खाल्ल्याची खोटी तक्रार केली होती. चौकशी झाली. साहेबांसमोर उभं राहून "या माणसाच्या हाताला एक रुपया चिकटत न्हाई" असं सांगणारे बाबाच होते. आता तेच बाबा चारचौघांत हे बोलले होते.

काकांनी हातातला ग्लास टेबलावर ठेवला, खांद्यावरचा रुमाल झटकला आणि रस्ता ओलांडून जीपच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले. बाबा त्यांच्याकडे बघत होते की नुसतेच त्या दिशेला, मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी काका आले नाहीत. त्यानंतरही नाहीत. बाबा हॉटेलात जायचे, एकटेच चहा घ्यायचे आणि मी येण्याआधीच घरी येऊन पडायचे. मोबाइल उशाशी असायचा, पण व्हिडिओ लावायचे नाहीत. पुण्याला असलेल्या माझ्या भावाने फोनवर समजूत घालायचा प्रयत्न केला, तर बाबांनी त्यालाच झापलं.

माझी काळजी वेगळीच होती. हिंगोलीच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख दिली होती. ती मतदानाच्या आधीच येत होती. सोबत काका येणार असं कधीच ठरलेलं होतं. बाबा म्हणायचे, "मास्तर असल्यावर मला कायची भीती?" आता ते म्हणायला लागले, "निवडनूक होऊन जाऊ दे, मग बघू." डॉक्टरांनी तर बजावलं होतं, आता थांबू नका, जास्त पिकला तर अवघड होईल. मी आठवण करून दिली की बाबा भिंतीकडे तोंड करून झोपायचे. घाट उतरवणारा, पुरातून गाडी काढणारा माझा बाप डोळ्याजवळ सुई येणार म्हणून घाबरला होता, आणि ते त्याला कुणाला सांगता येत नव्हतं.

शेवटी एक दिवस शाळा सुटल्यावर मी स्कूटी काढली आणि तांड्यावर गेले. बाबांना सांगितलं नाही.

काकांच्या अंगणात शिजवलेली हळद वाळत घातली होती. ऊन मी म्हणत होतं आणि काका डोक्याला रुमाल बांधून हळद खालीवर करत होते. काकूने मला सावलीत बसवलं, पाणी दिलं.

"घरात असाच ऱ्हातो," ती हळूच म्हणाली. "जेवताना बी बोलत न्हाई. त्येच्या दोस्ताला समजाव, बाई."

"दोघांनाही समजवायला पाहिजे, काकू."

काका माझ्याकडे न बघताच म्हणाले, "डायवरनं पाठिवलं का?"

"नाही. माझी मी आले. त्यांना माहीत पण नाही."

"मग कामून आलीस उन्हाची?"

"ऑपरेशनची तारीख आलीय, काका. परवा सकाळच्या गाडीनं जायचंय, आणि ते तयार नाहीत."

त्यांचा हात थांबला. त्यांनी विचारलं, "उजवाच करनार ना आधी?"

"हो."

"उजवाच पायजे," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "समोरून येनारी गाडी उजव्या अंगालाच ऱ्हाती." मग पुन्हा हळद हलवायला लागले. "जा तू. उन्हात फिरू नको."

येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत. मी तशीच परत आले. संध्याकाळी मात्र बाबांसमोर बसून सांगितलं, "तुम्ही आला नाहीत तर मी पण शाळेत जाणार नाही. इथंच बसते." त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाकडे, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "बरं. चल."

ठरल्या दिवशी सकाळच्या हिंगोली गाडीत आम्ही बसलो. बाबा सवयीने ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर. समोरचा दांडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. मी काही बोलले की नुसतं "हं" म्हणायचे.

तांड्याच्या फाट्यावर गाडी थांबली. दार उघडलं. कंडक्टर बाई म्हणाली, "अरे, मास्तर! कुठं?"

"हिंगोली."

बाबांची पाठ ताठ झाली. काका आमच्या बाकापाशी थांबले नाहीत. हातातली पिशवी सावरत सरळ मागे गेले आणि शेवटून दुसऱ्या बाकावर बसले. गाडी निघाली. बराच रस्ता गेला.

"पोरी," बाबा कुजबुजले, "कोन चढलं ते?"

"वळून बघा की."

"दिसत असतं तं कशाला चाललो असतो हिंगोलीला?"

मला त्या अवस्थेतही हसू आलं. "काका आहेत."

बाबा म्हणाले, "त्याला म्हनावं, पुढं ये. मागं हादरे बसतेत. त्याच्या कमरेला तकलीफ हाय."

मी मागे जाऊन निरोप सांगितला. काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्याला म्हनावं, आयुष्य मागंच गेलं, मला हादऱ्याची सवय हाय."

मी पुढे येऊन ते सांगितलं. बाबांनी अजून एक निरोप दिला. तो घेऊन मी पुन्हा मागे. आता सगळी गाडी ऐकत होती. बाजारला निघालेली एक म्हातारी काकांना म्हणाली, "आरं जा की बाप्पा पुढं, लेकराला काहून खेपा घालायला लावून राहिला?" लोक हसले. काका उठले नाहीत. पण हिंगोलीला उतरताना बाबांचा पाय पायरी शोधत हवेत तरंगला, तेव्हा कोपराला खालून धरणारा हात काकांचाच होता. ते मागच्या गर्दीतून कधी पुढे आले होते, मला समजलं नव्हतं.

दवाखान्यात नवीनच अडचण उभी राहिली. बाबांचा रक्तदाब तपासला तर खूप वाढलेला. नर्स म्हणाली, "असा राहिला तर डॉक्टर आज हात लावणार नाहीत." त्यांना एका खाटेवर झोपवलं. अर्ध्या तासाने पुन्हा बघितलं, तरी तेवढाच. बाबांच्या कपाळावर घाम होता. मी पंख्याखाली खाट सरकवली, पाणी दिलं, धीर दिला. कशाचा काही उपयोग झाला नाही.

काका दाराशी उभे होते. ते आत आले, खाटेच्या कडेला बसले आणि एकदम, काही प्रस्तावना न करता, गाडीत म्हणायचे तसं म्हणायला लागले, "चला, चला, रिसोड, सेनगाव, हिंगोली, कळमनुरी, नांदेड... चला, नांदेड!"

बाबा डोळे मिटून पडले होते. "मधलं आखाडा बाळापूर खाल्लंस," ते म्हणाले.

"तिथं तूच थांबायचा न्हाईस."

"कधी न्हाई थांबलो? ती कोंबड्यावाली बाई कोन उतरवायचं मग?"

"ती बाई! तिचा कोंबडा तुझ्या शिटाखाली घुसला होता."

"आन तू त्याचं तिकीट मागितलंस."

"मग? नियम हाय."

बाबा हसले. पोट हललं. मग कोंबड्यावरून ते एका वऱ्हाडावर गेले, वऱ्हाडावरून पुरात अडकलेल्या दिवसावर. नर्स आली, पट्टा बांधला, यंत्राकडे बघितलं आणि म्हणाली, "आता ठीक आहे. घेऊया." मी भिंतीला टेकले.

बाबांना आत नेल्यावर काका आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "पक्षाचं काय, बाई. त्यानं मला काय बी म्हनावं, येडा म्हनावं, अडानी म्हनावं. पन इकला गेला म्हनला. दुसरा कोनी म्हनला असता तं मी हसलो असतो." मी चहा आणला. त्यांनी तो घेतला.

बाबांना बाहेर आणलं तेव्हा उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती. त्यांनी हात पुढे केला आणि तो हात मी धरणार एवढ्यात म्हणाले, "मास्तर कुठं हाय?"

"हितंच."

"मी बोललो ते चुकलं."

"कोन्तं?" काका म्हणाले. "तू लई बोललास."

"इकला गेलास म्हनलो ते. तेवढंच. बाकीचं वापस घेत न्हाई."

"मी बी तुला दिसत न्हाई म्हनलो," काका म्हणाले. "माझ्या मनात तुझा डोळा नव्हता, खरं सांगतो. ते मी वापस घेतो. बाकीचं मी बी न्हाई घेत."

"नको घेऊ."

एवढंच झालं. मी व्हरांड्याच्या टोकाला गेले आणि तोंड धुऊन आले.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरांनी बोटं दाखवली, बाबांनी ती बरोबर ओळखली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं आणि शेवटी काकांकडे बघत राहिले.

"मास्तर, मिशी पार पांढरी झाली की रे तुझी. कधी झाली?"

"तुझं बी आरशात बघ जरा," काका म्हणाले.

मतदानाला बाबा काळा चष्मा लावून गेले. धुळीत फार थांबू नका असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून मी सोबत होते. बाहेरच्या मांडवांतून दोन्ही बाजूंच्या पोरांनी त्यांना नमस्कार केला. त्यांनी दोन्हींकडे हात हलवला. आत जाऊन आले आणि म्हणाले, "चिन्ह बराबर दिसलं." त्यांनी कुठलं चिन्ह दाबलं ते मला ठाऊक होतं, विचारायची गरज नव्हती.

दुपारी काका तांड्यावर मतदान करून आमच्या घरी आले. दोघांनी शाई लावलेली बोटं एकमेकांना दाखवली आणि बसले. मी आत भाकरी थापत होते. आधी डोळ्यात औषध कितीदा घालायचं यावर बोलणं झालं. मग मतदान कुठे किती होतंय त्यावर. मग बाबा म्हणाले, "तुमचा मानूस या टायमाला घरी बसतो, लिहून घे." त्यावर काका जे सुरू झाले ते थांबेनात. आवाज चढत गेले. शेजारची बाई कुंपणावरून डोकावून गेली. मी तव्यावरची भाकरी उलटली आणि किती तरी दिवसांनी माझ्या खांद्यांवरचा ताण उतरल्याचं मला जाणवलं.

जेवणं झाली तरी दोघं उठेनात. उन्हं कलली, शेवटची जीप निघायची वेळ जवळ आली. तेवढ्यात काकूचा फोन आला. काकांचा मोबाइल लागत नव्हता, म्हणून तिने मला केला होता.

"निघाला का म्हातारा?"

"नाही, काकू. अजून बसलेत दोघं."

"भांडून राहिलेत का?"

मी फोन दाराकडे धरला. तिने थोडं ऐकलं.

"मग बरंय," ती म्हणाली. "राहू दे त्याला तिथंच. सकाळी पाठव."