धोंडिबांचे कागद शोधत तेरखेड्यात

माझ्या आईकडच्या पणजोबांचे थोरले भाऊ धोंडिबा निजामाच्या घोडदळातून पहिल्या महायुद्धाला गेले, ते परतलेच नाहीत. "तिकडंच पळाला, दुसरा संसार थाटला," असं घरात सगळे म्हणायचे. मध्यंतरी परदेशातल्या एका अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर, इजिप्तमध्ये वारलेल्या सैनिकांत मला एक धोंडिबा सापडले. गावाचा रकाना रिकामा. तिथल्या बाईंनी कळवलं, पलटणीतला क्रमांक असलेला कागद घरी असेल तर पाठवा. मी मामांना फोन केला.

"ट्रंकभर उर्दू कागद हायेत, ये की!"

निघाले. पुणे-बार्शी, बार्शी-भूम, भूम-वाशी (धाराशिवातली, नवी मुंबईची नव्हे), अशा तीन एसट्या. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्च किरकोळ; कंबरेचे मात्र हाल. भूमला उतरलात तर ताजा खवा घ्याच.

वाशीजवळच्या मामांच्या गावी पोचले, तर ट्रंक रिकामी.

"मामा, कागद?"

"वाळवी लागली व्हती गं. तेरखेड्याच्या रद्दीवाल्याला दिले."

"मी येतेय हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"तू येनार म्हणूनच तर साफसफाई केली!"

तशीच त्यांच्या मोटरसायकलवर मागं बसून भर उन्हात तेरखेडा गाठलं. हमरस्त्याला ओळीनं फटाक्यांची दुकानं. रद्दीवाल्यानं एका कारखान्याकडं बोट दाखवलं. तिथं कागद गुंडाळत बसलेली बाई म्हणाली, "ते पिवळे कागद व्हय? सुतळीबॉम्बात गेले की, ताई."

मी कपाळावर हात मारला. मामा फटाक्यांचे भाव विचारत होते!

परतल्यावर मामीनं पिठलं-भाकरी वाढली. माझा चेहरा बघून तिनं फळीवरचे डबे बाजूला केले. "ह्यो एक हाय बघ. घोड्याचा शिक्का लई देखणा वाटला, म्हणून म्या अंथरला." कागद तेलानं माखलेला, पण कडेला इंग्रजीत पलटणीचं नाव आणि क्रमांक स्पष्ट होता.

फोटो पाठवला. पुण्यात पोचल्यावर उत्तर आलं: हेच ते धोंडिबा. छावणीत तापानं गेले. कुठंही पळाले नव्हते. त्या रिकाम्या रकान्यात आता मामांचं गाव लिहिलंय. मामांना लगेच फोन करून सांगितलं.

ट्रंकेतल्या बाकीच्या कागदांत काय काय असेल, या विचारानं अजून डोकं फिरतं. तुमच्या घरी असं काही असेल तर हात जोडून सांगते, आवराआवर नंतर करा, आधी फोटो काढा.

मामांशी मी अजून नीट बोलत नाही. पण यंदा पितृपंधरवड्यात मामीचा फोन आला. मामांनी पहिल्यांदाच धोंडिबांच्या नावानं पान वाढलं, आणि कावळा शिवेपर्यंत स्वतः जेवायला बसले नाहीत.