घाटनांदूरच्या भाकरीला किंमत लावताना

बीडला फिरायला कोण जातं, असं नवऱ्याने विचारलं. मी फिरायला नव्हे, भागाकार करायला निघाले होते. एखाद्या भागात सेवाभावी संस्था माणशी किती खर्च करतात, हे मोजणं माझं काम. वसतिगृहं, वाचनालयं, अन्नछत्रं यांचा खर्च एकत्र करायचा आणि लोकसंख्येने भागायचा. ऐकायला कंटाळवाणं आहे खरं, पण त्या निमित्ताने मी अर्धा महाराष्ट्र जेवले आहे.

पुण्याहून सकाळची एसटी पकडली आणि मांजरसुंब्याला उतरून ढाब्यावर शेवभाजी मागवली. "तिखट कमी" म्हटल्यावर वेटर प्रेमाने हसला आणि होती तशीच घेऊन आला. भाकरी मात्र सुरेख, बिलही खिशाला परवडणारं. ते बिल मी सवयीने पर्समध्ये ठेवलं. पुढे केजमार्गे अंबाजोगाई, तिथे गाडी बदलून घाटनांदूर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनची काढणी चालू होती.

घाटनांदूरला ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलींसाठी एक छोटं वसतिगृह आहे. आईबाप कारखान्याकडे गेले तरी मुलींची शाळा सुटू नये, म्हणून रुक्मिणमावशी ते चालवतात. खोली एकच आणि ती भरलेली. दुसऱ्या खोलीचे पैसे द्यायला एक देणगीदार तयार होते, पण गावाचा स्वतःचा वाटा आमच्या अहवालाच्या आकड्यांत दिसला पाहिजे, ही त्यांची अट होती. ऊसतोडीच्या उरलेल्या टोळ्या दिवाळीनंतर निघणार होत्या. तोवर खोलीचं ठरलं नाही, तर जागेची वाट बघणाऱ्या मुली आईबापांबरोबर उसाच्या फडात जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

आणि कागदावर गावाचा वाटा जवळजवळ शून्य होता.

वसतिगृहाच्या संस्थेचे विश्वस्त शिवलिंगअप्पा यांचं गावात किराणा दुकान आहे. धान्य कोण देतं, किती देतं, असं विचारलं तर त्यांनी चहा मागवला. पुन्हा विचारलं तर पुन्हा चहा. शेवटी म्हणाले, "दिल्यालं बोलून दाखवायची आमच्यात रीत न्हाई, ताई." मी मुलींचं सांगून पाहिलं. ते आपल्या रीतीवरून हलले नाहीत. मला खरोखर राग आला. यांच्या पुण्याईपायी पोरी फडात जाणार, असं मनात येऊन गेलं.

संध्याकाळी वसतिगृहाच्या ओट्यावर बसले होते. एकेक बाई येई, फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या ठेवी आणि न थांबता निघून जाई. मी मावशींजवळ अप्पांबद्दल कुरकुर केली. त्या पानं वाढत म्हणाल्या, "अप्पाचं खरं हाय. देणाऱ्यानं सांगू न्हाई. पन खाल्ल्यालं सांगाया कोन आडवलंय?"

मग मुलींनाच विचारलं आणि माझा पेन थांबेना. कुणाची भाकरी पातळ, कुणाची कडेला करपते, कुणाच्या चटणीत लसूण लई, कोणत्या घरातून कधी वरण येतं. एक मुलगी म्हणाली, "गूळ आन् तांदूळ अप्पाच्या दुकानातून येतंय. आमाला म्हाईत न्हाई आसं अप्पाला वाटतंय."

अप्पा नेमके दारात आले होते. ते मागे वळले आणि बाहेरच्या चपला सरळ लावू लागले.

दुसऱ्या दिवशीही मुलींसोबतच जेवले, राहिलेलं विचारून घेतलं. परतताना वाट वाकडी करून बीडजवळच्या नारायणगडावर गेले. तिथे बसून सगळ्या भाकऱ्यांना पर्समधल्या बिलावरचा भाव लावला. इतक्या निगुतीने थापलेल्या भाकरीला ढाब्याचा भाव लावताना जिवावर आलं, पण लावला. शून्य पुसलं गेलं.

ऑफिसात साहेबांनी विचारलं, भाकऱ्या कशा मोजल्या? म्हटलं, खाणाऱ्यांना विचारून. आकडा टिकला. दिवाळीनंतर मावशींचा फोन आला: खोली मंजूर झाली, ती बांधून होईतोवर नव्या मुली अप्पांच्या गोदामात झोपतात, पत्र्याच्या पेट्यांसकट सगळ्या आल्या. मला फोनवरच रडू आलं. अप्पा कसे आहेत, विचारलं. "पोरींवर रुसले हुते," मावशी म्हणाल्या, "पन गूळ आला."

माझ्या भागाकारात एक माणूस कमी आहे. दोन दिवस त्या भाकऱ्या मीही खाल्ल्या आणि बाहेरची म्हणून स्वतःला धरलं नाही. अहवाल गेला, तिथे आता बदल होणार नाही. पण खाल्लेलं सांगायला मला कुणी अडवलेलं नाही.