खडूच्या दोन रेघा

भातगिरणीत दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी संपत नाहीत, कोंडा आणि किस्से! कोंड्याला निदान गिऱ्हाईक मिळतं. किस्से आमच्याच अंगावर साचत जातात. कामथडीच्या गिरणीत मी चार वर्षं सुपरवायझर आहे. बरेचसे किस्से माझ्यावरचेच आहेत, हे आधीच कबूल करून टाकतो.

गिरणी वत्सलाताईंची. साठीच्या आसपासची बाई, सातवी शिकलेली. मी भोरचा, एमबीए. ताई मार्गासनीला दुसरी गिरणी काढणार होत्या आणि तिथला इनचार्ज मीच, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. व्हिजिटिंग कार्डाचं डिझाइनसुद्धा मोबाईलमध्ये तयार होतं!

* * *

माझा इंटरव्ह्यू गिरणीच्या चुलीपाशी झाला. ताईंनी विचारलं, "तुमाला काय काय येतं?"

मी पाठ केलेलं धडाधड म्हणून दाखवलं. लीडरशिप, कम्युनिकेशन, डिसिजन मेकिंग, टीम स्पिरिट.

"आन भात शिजवाय?"

ताईंनी ताट पुढं सरकवलं. "बसा. आदी खावा, मग बोलू."

आमच्या गिरणीचा नियमच आहे तो. त्या दिवशी जो तांदूळ भरायचा, त्यातलाच दुपारी शिजवायचा आणि सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं. ताई म्हणतात, "आपल्या घशाखाली उतरंना, ते लोकांला कशाला इकायचं?" मी याला 'क्वालिटी कंट्रोल' असं नाव दिलं. ते नाव माझ्याशिवाय कुणीच वापरत नाही.

* * *

एकदा मशीनचा पट्टा तुटला. मी तातडीची मीटिंग बोलावली. पट्टा का तुटला, जबाबदार कोण, पुन्हा तुटू नये म्हणून काय करायचं, असे तीन मुद्दे फळ्यावर लिहिले. दुसऱ्या मुद्द्यावर होतो, तेवढ्यात मागं मशीनचा धडधडाट सुरू झाला.

ताई पदराला हात पुसत आल्या. "चालू द्या तुमचं, सुधीरराव. पट्टा बसवलाय म्या."

* * *

नसरापूरचा एक दुकानदार फोनवर पाव तास ताईंवर ओरडत होता. ताई नुसत्या "व्हय", "व्हय की", "आसं व्हय" म्हणत होत्या. शेवटी त्यानं नेहमीपेक्षा दोन गोण्या जास्तच मागवल्या!

मी थक्क. "ताई, तुम्ही त्याला समजावलं कसं?"

"म्या कुठं काय बोलले? त्याची बायकू रुसून माहेराला गेलीया. तांदळाचा काय बी दोष न्हाई."

* * *

एक कन्सल्टंट आला होता पुण्याहून, टाय लावून. त्यानं ताईंना विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?"

"हितंच. आन तुमी?"

तो हसला. दोन महिन्यांनी आम्ही फोन केला, तर त्यानं ती कंपनीच सोडली होती!

* * *

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

पानशेतला एका लग्नासाठी जुना तांदूळ मागवला होता. जुना भात मोकळा होतो, नवा चिकट. गोण्या दिसायला सारख्याच, म्हणून त्यांच्यावर खडूनं खूण करायची पद्धत. नव्याला एक रेघ, जुन्याला दोन. रेघा मी ओढतो. त्या सकाळी मी कानाला मोबाईल लावून ओढल्या. टेम्पो दोन रेघांच्या गोण्या घेऊन पानशेतला गेला.

दुपारी पंगत बसली. एका रेघेच्या गोणीतला भात, म्हणजे नवा. मी पहिला घास घेतला. भात मोकळा, दाणा न् दाणा सुटा!

सगळ्यांचे हात ताटातच थांबले. जुना तांदूळ इथं, आमच्या पानात. मग पानशेतला काय गेलं?

"कुनाच्यानं झालं?" ताईंनी विचारलं.

मला मार्गासनी दिसत होती. मी ताटात बघत राहिलो. तेवढ्यात गोण्या शिवणाऱ्या हिराबाई म्हणाल्या, "ताई, शिवताना म्या हात घालून बघाय पायजे व्हतं. माजं चुकलं."

ताईंनी पानशेतला फोन लावला. "चूक आमची हाय. जुना तांदूळ घिऊन म्या सोता निघाले."

दुसऱ्या टेम्पोत ताईंच्या शेजारी मी बसलो. मार्गासनी मागं पडली, वेल्ह्याची चढण लागली, तेव्हा कुठं माझ्या तोंडून निघालं, "ताई, रेघा मी ओढल्या होत्या."

"ठावं हाय. तुमची रेघ कायम उजवीकडं कलती."

"हिराबाईंना माहीत होतं?"

"तिला माज्या आदी ठावं."

"मग त्या का बोलल्या?"

"तुमी बोलंना म्हणून."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पानशेतला एक पातेलं शिजून गिच्च गोळा झालं होतं. मुलीचे वडील लालबुंद. ताईंनी हात जोडले, पदर खोचला आणि स्वतः नव्या पातेल्यापाशी उभ्या राहिल्या. संध्याकाळची पंगत वेळेवर उठली. मग ताईंनी तो गोळा आम्हा दोघांच्या पानात वाढून घेतला. "आपलाच माल हाय. खाऊनच जायाचं."

खाल्ला. घशाखाली उतरत नव्हता, तरी खाल्ला.

दोन महिन्यांनी मार्गासनीची गिरणी सुरू झाली. नारळ फुटला आणि ताईंनी सगळ्यांसमोर किल्ल्या हिराबाईंच्या हातात दिल्या. मी टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून. महिनाभर मला तिथं मदतीला ठेवलं होतं, हिराबाईंच्या हाताखाली.

पहिल्या गोण्या भरून तयार झाल्या. हिराबाईंनी कनवटीचा खडू काढला आणि माझ्यापुढं धरला.

"घ्या सायेब. रेघा तुमीच वढायच्या."