तो फक्त सराव होता, असं सुनंदामावशींना कसं सांगू?

तुम्हालाच विचारतेय.

उद्या संध्याकाळी मी आमच्या चर्चच्या गटाबरोबर दोन आठवड्यांसाठी कंबोडियाला निघतेय, तिथल्या लोकांना इंग्रजी संभाषण शिकवायला. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, आधी कधीच शिकवलेलं नाही. म्हणून आज सकाळी पांढरकवड्यात चर्चच्या हॉलमध्ये सराव केला. विद्यार्थी म्हणून ओळखीच्या चार मावश्या बोलावल्या.

"आता या वयात इंग्रजी कायले व बाई?" म्हणत तिघी हसत होत्या. सुनंदामावशी मात्र 'व्हॉट इज युवर नेम?' जमेपर्यंत मोठ्यानं म्हणत राहिल्या.

तास संपला. माझा वेग जास्त आहे, चित्रं कमी पडतात, एवढं मला कळलं. माझ्यापुरतं काम झालं होतं.

सुनंदामावशींनी विचारलं, "उद्या किती वाजता येऊ?"

"उद्या?"

"हो व. नाताळले हैद्राबादची नात येऊन राह्यली. तिले मराठी येत नाही, मले इंग्रजी. मागच्या बारीनं आम्ही दोघी नुसत्या एकमेकीच्या तोंडाकडे पाहत बसलो."

हा फक्त सराव होता, हे मला सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "संध्याकाळी या." तेव्हा तर मी निघालेली असेन.

जाणं चूक आहे असं मला वाटत नाही. तिकडेही कुणीतरी वाट पाहतंय. तरी दुपारपासून मावशींना फोन लावतेय आणि रिंग जायच्या आत कापतेय.

तुम्ही त्यांना काय सांगितलं असतं?