वाळूवाल्याची ड्रायव्हरकी

तोंडाला काळं फासलं म्हणून माणसं गाव सोडून जातात. मला त्याचा पगार मिळतो. दर शनिवार-रविवारी सकाळी मी स्टेशनातल्या आरशासमोर उभा राहतो, कोळशाचा एक नरम तुकडा निवडतो आणि कपाळावर एक, उजव्या गालावर एक असे दोन पट्टे ओढतो. डाव्या गालावर नाही. दोन्हीकडे ओढले तर ड्रायव्हर वाटत नाही, चोर वाटतो, असं आमच्या मॅनेजरचं म्हणणं. तो वयाने माझ्या जावयाएवढा आहे, पण फोटोत काय शोभतं ते त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आमची गाडी म्हणजे नऊ किलोमीटरची हौस. खरी रेल्वे इथून केव्हाच दुसऱ्या मार्गाने निघून गेली. मागे उरलेले रूळ, दोन लाकडी डबे आणि वाफेचं एक जुनं इंजिन काही हौशी मंडळींनी घेतलं, घासूनपुसून चकचकीत केलं आणि तिकीट लावून लोकांना दगडखाणीच्या स्टेशनापर्यंत न्यायला सुरुवात केली. इंजिनाला सगळे 'म्हातारी' म्हणतात. ते चालवतो एक तरुण, रीतसर शिकून आलेला. माझं काम पहिल्या डब्यात माईक धरून जुन्या दिवसांच्या गोष्टी सांगायचं. डोक्यावर ड्रायव्हरची टोपी, गळ्यात लाल रुमाल, आणि सुरुवात ठरलेली: "मंडळी, हेच इंजिन मी बावीस वर्षं चालवलं."

मी ते बावीस मिनिटंही चालवलेलं नाही.

मी वाळू वाळवायचो. एकतीस वर्षं. वाफेचं इंजिन चढावर आलं, रूळ ओले असले, की चाकं जागच्या जागी गरगरतात. अशा वेळी ड्रायव्हर एक दांडा ओढतो आणि इंजिनावरच्या पेटीतली वाळू नळीतून चाकापुढे रुळावर पडते. मग चाक पकड घेतं. पण ही वाळू खडखडीत कोरडी पाहिजे. ओली असली की नळीत गोळा होऊन बसते. म्हणून इंजिनांच्या शेडमध्ये, कोपऱ्यातल्या खोलीत एक भट्टी, भट्टीवर लोखंडी पत्रा, पत्र्यावर वाळू आणि वाळूसमोर मी. फावड्याने वरखाली करायची, चाळायची, पेटीत भरायची. भरण्याआधी मूठभर उचलायची आणि मूठ सोडायची. तळव्यावर एक कण चिकटला तरी पुन्हा पत्र्यावर. वाळू रगडली की तेल निघतं म्हणतात. मी एकतीस वर्षं रगडली. निघाला तो घाम.

आता सांगा, हे माईकवरून कोण ऐकणार? पहिल्या शनिवारी मी खरं तेच सांगितलं होतं. एक बाई पाच मिनिटांत झोपली आणि तिच्या नवऱ्याने विचारलं, "पण इंजिन कोण चालवायचं?" मॅनेजरने मला बाजूला घेतलं. "काका, जरा ड्रायव्हरसारखं सांगा ना." त्याला म्हणायचं होतं, रंगवून सांगा. मी ऐकलं ते सोयीचं ऐकलं. पुढच्या शनिवारी मी ड्रायव्हर झालो, आणि महिन्याभरात मॅनेजरच्याही डोक्यातून माझी वाळू निघून गेली.

गोष्टी मात्र उस्तादांच्या होत्या. म्हातारी खरोखर बावीस वर्षं चालवली ती त्यांनी. उस्ताद हे त्यांना सगळ्या शेडने दिलेलं नाव. थंडीच्या दिवसांत शेडमधली सगळ्यात उबदार जागा म्हणजे माझी वाळूची खोली. उस्ताद ड्यूटीआधी येऊन माझ्याच स्टुलावर बसायचे, इतर ड्रायव्हर भोवती जमायचे आणि गोष्टी सुरू व्हायच्या. मी उभा राहून फावडं मारत ऐकायचो. तेव्हा खोली माझी, स्टूल माझं, ऊब माझी. गोष्टीही निम्म्या माझ्याच झाल्या, असा मी हिशेब मांडला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

शिवाय उस्तादांवर माझा एक जुना राग होता. बाकीचे ड्रायव्हर गाडी न्यायच्या आधी पेटीत बोट घालून माझी वाळू बघायचे. कोणी नाक मुरडायचं, कोणी म्हणायचं, "आज बरी आहे रे." उस्तादांनी बावीस वर्षांत एकदाही पेटी उघडली नाही. सरळ चढून बसायचे आणि निघायचे. मला वाटायचं, ह्या माणसाला मी दिसतच नाही. वाळू काय, पावसासारखी आपोआप पडते, असंच त्यांना वाटत असणार. ते मला लागलं होतं आणि निवृत्त झाल्यावरही बोचत होतं.

एका शुक्रवारी संध्याकाळी मॅनेजरचा फोन आला. "काका, उद्या धमाल! एक पंच्याऐंशी वर्षांचे ड्रायव्हर येताहेत. म्हणे आपलीच म्हातारी बावीस वर्षं चालवायचे. त्यांच्या मुलीने तिकिटं काढली आहेत. तुम्ही ओळखत असाल ना? दोघंही बावीस वर्षं! शिफ्ट वेगळ्या असतील."

माणसाच्या पायाखालची वाळू सरकते म्हणतात. माझी तर तीसुद्धा मीच वाळवलेली.

जेवताना बायकोला सांगितलं. तिला माझी ड्रायव्हरकी पहिल्यापासून ठाऊक. रविवारी घरी आलो की विचारते, "अहो, आज किती इंजिनं चालवलीत?" त्या दिवशी ती हसली नाही. "कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं थांबत नाही," ती म्हणाली. "उद्या आधीच त्यांच्या पाया पडा आणि सांगून टाका."

"आणि प्रवाशांना?"

"प्रवाशांना काय, त्यांना वाफ दिसली की पुरे."

तिचं बरोबर होतं. म्हणूनच मी ते ऐकलं नाही. ज्या माणसाचं आयुष्य मी आपलं म्हणून विकत होतो, त्याच्यासमोर उभं राहायची मला मनापासून लाज वाटत होती, आणि लाज वाटणारा माणूस शहाणपणा सोडून सगळं करतो. सकाळी स्टेशनात पोचलो तो थेट आरशासमोर. कुठल्या गोष्टी वगळायच्या, 'मी'च्या जागी 'आम्ही' म्हटलं तर चालेल का, याची तालीम सुरू केली. कोळशाचे पट्टे तीनदा पुसून पुन्हा ओढले.

इथे एक सांगायचं राहिलं. म्हातारीची वाळू अजूनही मीच भरायचो. दुसऱ्या कोणाला येतच नव्हतं. त्या आठवड्यात नदीवरून आलेली वाळू चांगलीच ओली होती. तिला भट्टीवर तीन तास लागले असते. आरशाने माझे अडीच खाल्ले. वरचा थर पांढरा दिसला, तेवढ्यावर पेट्या भरल्या. मूठ काही सोडून बघितली नाही.

उस्ताद आले. पाठ वाकलेली, हातात काठी, दुसरा हात मुलीच्या खांद्यावर. मुलगी म्हणाली, "बाबांना आता जवळजवळ काहीच दिसत नाही." हे ऐकून मला बरं वाटलं, हे कबूल करतो. पंच्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याचे डोळे गेले म्हणून आनंद होणारा मी. काय म्हणायचं याला?

ते पहिल्याच डब्यात, माझ्यापासून चार हातांवर बसले. गाडी हलली. मी पाया पडलो नाही, ओळखही दिली नाही. जरा घोगरा आवाज काढला आणि माईक तोंडाशी धरला. सुरुवातीला दोन-तीनदा 'आम्ही' म्हटलं. पण सवय वाईट. धुक्याच्या गोष्टीवर आलो आणि जीभ आपल्या वाटेने निघाली. "दाट धुकं! सिग्नल दिसेना. मग मी काय केलं? डोळे मिटले! नुसत्या आवाजावर गाडी नेली. पूल आला, आवाज पोकळ. मग उजव्या हाताला गोदामाची भिंत, तिथे आवाज उलटून येतो..."

"डाव्या," उस्ताद हळूच म्हणाले.

सगळा डबा त्यांच्याकडे वळला. समोरच्या एकाने विचारलं, "आजोबा, तुम्ही होतात की काय त्या गाडीत?"

मी माईक खाली घेतला. आता हा माणूस एक वाक्य बोलेल आणि माझी टोपी, रुमाल, सगळं उतरेल.

"होतो," उस्ताद म्हणाले. "बसलो होतो आपला."

बस. एवढंच. त्यांनी ओळखलं होतं, आणि सोडूनही दिलं होतं. मला मार बसला असता तर तो सोसला असता. हे सोसेना.

तेवढ्यात खिंडीतला चढ आला. तिथे ऊन पोचत नाही, रुळांवर कुजका पाला आणि दव. म्हातारीचा श्वास एकदम घाईचा झाला, चाकं जागच्या जागी फिरली, डब्याला हिसका बसला. तरुण ड्रायव्हरने वाळूचा दांडा ओढल्याचं मला ऐकू आलं. पुन्हा ओढला. पुन्हा. गाडी थांबली.

उस्तादांनी मान वर केली. "वाळू पडत नाहीये. ओली आहे." मग डब्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आज वाळूवाला कोण आहे?"

डब्याच्या दाराशी उभा असलेला मॅनेजर मोठ्या कौतुकाने म्हणाला, "आपले काकाच भरतात! एवढे मोठे ड्रायव्हर, पण वाळूसुद्धा स्वतः भरतात."

एकतीस वर्षांत मला एकच काम नीट जमलं. ते मी त्या दिवशी बिघडवलं, तेही न जमणाऱ्या कामाचं सोंग नीट वठावं म्हणून. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागतात ती माणसं मूर्ख असतात, असं मी नातवंडांना सांगत आलो आहे.

काहीतरी करणं भाग होतं. दोन्ही डब्यांत आगीसाठी वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या होत्या. ती वाळू मीच उन्हाळ्यात वाळवून भरलेली. एक मूठ उचलली, सोडली. तळवा स्वच्छ. दोन बादल्या घेऊन खाली उडी मारली. उडी म्हणजे, दोघांनी धरून उतरवलं. मग चाकापुढच्या रुळावर मूठमूठ वाळू टाकत, वाकून, बाजूने सुटणारी वाफ चुकवत मी चालायला लागलो. टोपी पडली. कोळसा घामाबरोबर ओघळून डाव्या गालावरही पोचला. खिडक्यांतून चाळीस मोबाइल माझा फोटो काढत होते. म्हातारीने पकड घेतली आणि माझ्यामागून सावकाश चढायला लागली. चारशे पावलं. कंबर आजही दुखते.

वर दगडखाणीच्या स्टेशनात मी माईक उचलला. धाप लागली होती, पण आता थांबलो तर पुन्हा बोलणार नाही हे माहीत होतं. "मंडळी, मी ड्रायव्हर नव्हतो. कधीच नव्हतो. मी शेडमध्ये वाळू वाळवायचो. सांगितलेल्या सगळ्या गोष्टी ह्या आजोबांच्या आहेत. आजची गाडी माझ्या चुकीने अडकली."

मग टाळ्या! एक बाई शेजारणीला म्हणाली, "बघितलंस? खरी मोठी माणसं अशीच नम्र असतात." दोघांनी माझ्याबरोबर फोटो काढून घेतला. खोटं तीन वर्षं सहज पचलं आणि खरं बोललो तर कोणी विश्वास ठेवेना.

सगळे चहाला पांगले. उस्ताद फलाटावरच्या बाकावर एकटेच बसले होते. मी जवळ गेलो आणि वाकलो. "उस्ताद, तुमच्या गोष्टी चोरल्या मी."

"गोष्टींचं काय घेऊन बसलास," ते म्हणाले. "निम्म्या मीही माझ्या फायरमनच्या ढापल्या होत्या. भिंत मात्र डावीकडेच होती."

मी शेजारी बसलो. इतक्या वर्षांचं पोटातलं ओठांवर आलं. "एक विचारू? बावीस वर्षांत तुम्ही एकदाही माझी वाळू बघितली नाहीत. सगळे बघायचे. तुम्ही पेटी उघडली नाहीत कधी. मी काय एवढा..."

उस्तादांना प्रश्नच कळला नसावा. थोडा वेळ ते काठी फिरवत राहिले. "तू भरलेली असायची ना?" ते म्हणाले. "मग बघायचं काय त्यात?"

ह्या एका वाक्यासाठी मी बावीस वर्षं त्यांचा राग केला होता. मला रडू आलं, आणि तोंडावर कोळसा असताना रडणं फार वाईट दिसतं.

त्यांनी माझा हात चाचपून धरला, तळव्यावरून अंगठा फिरवला.

"आज मात्र बघायला हवी होती," ते म्हणाले.

मी मान हलवली. मग लक्षात आलं, त्यांना ती दिसणार नाही. म्हणून मोठ्याने "हो" म्हणालो.